स्वस्ताईच्या शोधात

शनिवारची सकाळ. अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम गावाबाहेरचे जत्रेचे मैदान. एरवी जिथे गुराढोरांची आणि शेतमालाची प्रदर्शने भरतात, त्याच लांबलचक हॉलपुढे नऊ वाजण्याआधीच रांग लागलेली असते. रांगेत बहुतेक पुरुष. त्यातही साठी उलटलेले अधिक. कुणाच्या खांद्यावर जुनी रायफल, तिच्या नळीत खोचलेली बारीक काठी आणि काठीच्या टोकाला चिठ्ठी : ‘विकणे आहे’. दारातला माणूस प्रत्येक बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेतो, ती चालवता येऊ नये म्हणून प्लॅस्टिकची पट्टी आवळतो, आणि मगच मंडळींना आत सोडतो. याला तिकडे ‘गन शो’ म्हणतात.

आपल्याकडच्या वाचकाला याचे नवल वाटणे साहजिक आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यासाठी अर्ज, पोलीस चौकशी आणि कचेरीचे हेलपाटे ही आपली रीत. तिकडे मात्र बंदुकांचा चक्क बाजार भरतो. ओक्लाहोमा राज्यातल्या तुल्सा शहरात वर्षातून दोनदा भरणाऱ्या अशा बाजारात चार हजारांहून अधिक टेबले मांडली जातात. पण पहिले नवल ओसरले की दिसू लागते ते अगदी ओळखीचे असते. तोच कोलाहल, तीच घासाघीस, नवऱ्याची पिशवी सांभाळत कंटाळून उभी असलेली तीच बायको. आणि परतीच्या वाटेवर ऐकू येणारे तेच वाक्य : ‘पूर्वीचे दिवस राहिले नाहीत!’

हे वाक्य हमखास म्हणणारा गृहस्थ कोणत्याही गन शोमध्ये लगेच ओळखता येतो. नोकरीतून निवृत्त झालेला, खिशात मोजकेच पैसे, डोळ्यांत मात्र पोराची उत्सुकता. त्याला हवी असते ती एखादी जुनी लष्करी रायफल. शिकारीसाठी नाही की संरक्षणासाठी नाही. हातात घ्यावी, तिच्यावरचे शिक्के वाचावेत, ती कुठे बनली, कुठे गेली याचा माग काढावा, एवढीच त्याची हौस. हौसेला मोल नसते म्हणतात. पण इथे प्रत्येक हौसेला चिठ्ठी लावलेली असते आणि चिठ्ठीवरचा आकडा वाचून त्याच्या भुवया वर जातात.

आधी तर बंदुकीपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. पहिल्या रांगेत वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या विकणारा, दुसऱ्या रांगेत सुऱ्या-चाकूंचा ढीग, मग नाणी, खड्यांच्या अंगठ्या, घोषणा छापलेले बनियन, कातडी पट्टे. पुढे कोऱ्या करकरीत पिस्तुलांची टेबले लागतात. पण तीच पिस्तुले गावातल्या दुकानात त्याच भावाने मिळतात, कधी चार पैसे कमीच. मग प्रवेशाचे तिकीट आणि मोटार उभी करण्याचे पैसे कशासाठी मोजले, असा प्रश्न पडतो.

विक्रेत्याची बाजू ऐकली तर तीही खोटी नसते. दोन दिवसांचे टेबलाचे भाडे, तीनशे मैलांचे पेट्रोल, रात्रीचा मुक्काम, हे सगळे कुठून तरी वसूल व्हायला हवे. शिवाय गिऱ्हाईक घासाघीस करणारच, म्हणून चिठ्ठीवर आकडाही चढवूनच लिहिलेला. पूर्वी जाणता विक्रेता आणि अजाण ग्राहक, किंवा याच्या उलट, अशी गाठ पडली की कुणा एकाचे नशीब फळफळायचे. आता दोघांच्याही हातात मोबाईल. लिलावात अशाच रायफलीला काय भाव आला, हे दोघेही टेबलाशी उभ्याउभ्या पाहतात. ग्राहक सर्वांत कमी आकडा दाखवतो, विक्रेता सर्वांत मोठा. अजाणपणा संपला आणि त्याच्याबरोबर घबाडही संपले.

मग पूर्वी खरेच इतकी स्वस्ताई होती का? होती. मोसिन-नागान ही रशियन रायफल मुळात १८९१ची. झारच्या सैन्याने ती वापरली, पुढे लाल सैन्याने वापरली, आणि ती लाखांनी नव्हे, कोटींनी बनली. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ती शंभर डॉलरच्या आत मिळे. लाकडी खोक्यांतून, जाडजूड तेलकट चिकट्यात माखलेल्या अशा त्या येत आणि हौशी मंडळी तो चिकटा काढण्यात रविवार घालवीत. १९९०च्या सुमारास चिनी बनावटीची एस.के.एस. रायफलही शंभर डॉलरच्या आसपास पडे. आज पहिलीला चारशेच्या आसपास आणि दुसरीला पाचशे डॉलर किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात.

ही स्वस्ताई आकाशातून पडलेली नव्हती. युद्धे संपली, सैन्यांनी शस्त्रे बदलली, सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटला आणि गोदामे रिकामी करण्याची घाई सुरू झाली. जुने शस्त्र म्हणजे सरकारला भंगार आणि व्यापाऱ्याला माल. पण गोदाम म्हणजे झरा नव्हे. उपसले की संपते. त्यात कायद्याने वेळोवेळी झडपा बंद केल्या. १९९४ मध्ये अमेरिकेने चिनी बंदुका-काडतुसांची आयात थांबवली. २०२१ मध्ये रशियन काडतुसांच्या नव्या आयातीवर निर्बंध आले. मधल्या २०२० सालात, साथीच्या भीतीने आणि अशांततेने, बंदूक घेण्यासाठी लोकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. त्या एका वर्षात एफ.बी.आय.च्या यंत्रणेकडे शस्त्रखरेदी आणि परवान्यासंबंधी सुमारे ३ कोटी ९७ लाख तपासण्या नोंदल्या गेल्या. मागणी अशी चढल्यावर भाव कसा खाली राहणार?

आणि स्वस्ताईच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे : १९ डॉलर ९५ सेंट. १९६३च्या मार्चमध्ये दुर्बीण बसवलेली एक जुनी इटालियन लष्करी रायफल एवढ्या किमतीला, टपालखर्च वेगळा, जाहिरातीतले कुपन भरून खोट्या नावाने मागवली गेली. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डॅलस शहरात त्याच रायफलीने अध्यक्ष केनेडी यांचा प्राण घेतला, असा सरकारी चौकशीचा निष्कर्ष आहे. १९६८च्या कायद्याने अशी घरपोच टपालखरेदी बंद केली आणि परदेशी लष्करी मालाची आयातही रोखली. ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या जुन्या शस्त्रांना दार पुन्हा उघडले ते १९८०च्या दशकाच्या मध्यास. चिठ्ठीवरचा आकडा लहान होता, एवढेच. त्या स्वस्ताईची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली होती.

असो. आपला गृहस्थ चिकाटीचा. भावाची मनाची तयारी करून तो शोध सुरू ठेवतो. आता निराशा वेगळ्या रूपात भेटते. एका टेबलावर जर्मन माऊझर दिसते. लांबून झकास. पण जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक भागावर वेगळा क्रमांक. म्हणजे चार मोडक्या बंदुकांची मिळून केलेली एक. पुढच्या टेबलावर जपानी रायफल. तिच्यावरचे सोळा पाकळ्यांचे राजचिन्ह घासून टाकलेले. शरणागतीनंतर शस्त्र परक्याच्या हाती जाताना सम्राटाची खूण राहू नये म्हणून ही चिन्हे पुसली गेली. चिन्ह शाबूत असलेली रायफल महाग, पुसलेली स्वस्त. खरे पाहता पुसलेल्या चिन्हातच एका पराभवाची गोष्ट आहे, पण बाजार शाबूत वस्तूला मान देतो.

सर्वांत जास्त चुटपुट लावतात त्या कापलेल्या रायफली. युद्धानंतर त्या कवडीमोलाने मिळत, तेव्हा अनेक घरांतल्या बापमंडळींनी त्या आणल्या, पुढचे लाकूड करवतीने कापले, दस्ता घासूनपुसून चकचकीत केला, दुर्बिणीसाठी भोके पाडली आणि हरणाच्या शिकारीला वापरल्या. त्यांच्या दृष्टीने ती सुधारणा होती. आज संग्राहक तिच्याकडे पाहून मान हलवतो आणि निम्माही भाव देत नाही. जुन्या देव्हाऱ्याला हौसेने ऑइलपेंट फासावा आणि नातवंडांनी तो खरवडत बसावे, तसलाच हा प्रकार.

याच टेबलांवर कधीमधी आपल्या देशाचीही एक खूण सापडते. रायफलीच्या पोलादावर ‘आर.एफ.आय.’ अशी अक्षरे. म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर. कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीकाठचा आपला जुना सरकारी कारखाना. १९६२च्या चीन युद्धानंतरच्या काळात तिथे जुन्या ली-एनफिल्ड धाटणीची, पण नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल बनवण्यात आली. पुढे तीही जुना माल म्हणून सातासमुद्रापार गेली. ‘दुसऱ्या महायुद्धात लढलेली आहे, साहेब,’ असे सांगत ती पुढे करणारा विक्रेता भेटला तर चकित होऊ नये. पण पोलादावर सन कोरलेला असतो, आणि तो साठीच्या दशकातला निघतो. महायुद्ध संपून तेव्हा वीस वर्षे होत आलेली! ज्या लाकडात आडवा स्क्रू दिसतो, ते फुटून जोडलेले आहे असे समजून ग्राहक नाक मुरडतो. वास्तविक तो स्क्रू बळकटीसाठी कारखान्यातच बसवलेला असतो. एकाच वस्तूबद्दल विकणारा खोटी थोरवी सांगतो आणि घेणारा खोटे वैगुण्य काढतो. वस्तू बिचारी आपली जन्मतारीख अंगावर घेऊन गप्प पडलेली असते.

म्हणूनच मुरलेले संग्राहक नवख्याला बजावतात : बंदूक विकत घ्या, तिची गोष्ट नको. शिक्का, क्रमांक, लाकूड, नळी यांचे मोल करा. ‘आमच्या आजोबांनी नॉर्मंडीहून आणली’ याचे नको. सल्ला शहाणपणाचा आहे. पण मनुष्यस्वभाव असा, की माणूस मैलोन् मैल येतो तो त्या गोष्टीसाठीच. पंचविशीत शंभर डॉलरला घेतलेली रायफल त्याला पुन्हा हवी असते असे नाही. ती घेतली तेव्हाचा रविवार, शेजारी बसून तेल पुसणारा मित्र आणि तेव्हाचे आपले दुखणे नसलेले खांदे त्याला हवे असतात. ते कोणत्याच टेबलावर मांडलेले नसतात. मग राग निघतो तो चिठ्ठीवर.

हा हिशेब सर्वांत कठीण जातो तो मागे राहिलेल्या माणसाला. नवरा जाऊन वर्ष झालेली एखादी वृद्धा मुलीला घेऊन अशा हॉलमध्ये येते. हातात गुंडाळलेली रायफल. ‘ही हजारोंची आहे, जपून ठेव,’ असे तो सांगत असे. विक्रेता उलटसुलट करून पाहतो, कापलेल्या लाकडावरून बोट फिरवतो आणि एक छोटा आकडा सांगतो. त्यालाही पुढे नफा काढायचा असतो. तो लबाडच असतो असे नाही. पण तिला वाटते, आपल्या माणसाचेच मोल कमी केले.

तिच्यापुढे दुसराही मार्ग असतो. हॉलमध्ये फिरणारा कुणी अनोळखी माणूस जास्त पैसे रोख देऊ करतो. परवानाधारक व्यापाऱ्याला विक्रीआधी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावी लागते; पण घरातली एखादी बंदूक विकणाऱ्या खासगी व्यक्तीवर अनेक राज्यांत ते बंधन नाही. हा प्रश्न साधा नाही. १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी तेरा जणांना गोळ्या घातल्या. त्यांच्या चार शस्त्रांपैकी तीन शस्त्रे आदल्या वर्षी एका गन शोमध्ये, त्यांच्या एका सज्ञान मैत्रिणीमार्फत, खासगी विक्रेत्यांकडून घेतलेली होती. त्यानंतर २००० साली त्या राज्यातल्या मतदारांनी गन शोमधल्या प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची केली. तेव्हा किती पैसे मिळाले याहून कुणाच्या हाती दिली, हे महत्त्वाचे. थोडे कमी घेऊन परवानाधारकाकडे वस्तू सोपवणारी वृद्धा तोट्यात गेली असे कोण म्हणेल?

शहाणे संग्राहक यावर एक साधा उपाय करतात. प्रत्येक वस्तूमागे एका कागदावर लिहून ठेवतात : कधी घेतली, कितीला घेतली, खरी काय आहे, आज अंदाजे किती येतील आणि विकायची वेळ आली तर कोणत्या भरवशाच्या माणसाकडे जावे. फुशारकी नाही, नुसती नोंद. ही सवय बंदुकीपुरतीच कशाला? सासूबाईंची पैठणी, आजोबांचे घड्याळ, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी यांच्याबद्दल आपल्या किती घरांत असा कागद असतो? बोलणारा माणूस जातो, आणि मागची माणसे मोडीच्या भावात सगळे देऊन मोकळी होतात.

रविवारी दुपारी बाजार उठू लागतो. टेबलांवर चादरी पडतात, तेव्हा भाव जरा उतरतो. ओझे परत न्यायचा विक्रेत्यालाही कंटाळा असतो. काही गृहस्थ तेवढ्यासाठी थांबतात. बाकीचे रिकाम्या हाताने निघतात. पण अगदी रिकाम्या म्हणता येणार नाही. काखेत एखादे जुने माहितीपुस्तक असते, कुणा समवयस्काशी तासभर मारलेल्या गप्पा असतात, आणि शिक्का वाचून एखादी थाप ओळखल्याचे समाधान असते. यांतल्या गप्पांना आणि समाधानाला तर चिठ्ठीच लावलेली नव्हती. पुढच्या खेपेला भाव आणखी चढलेले असतील हे ठाऊक असूनही ही मंडळी पुन्हा येतात, ती बहुधा यासाठीच.