सुंदर गाय हरवली



गाईवर निबंध लिहिला नाही, असा मुलगा किंवा मुलगी शोधून सापडायची नाही. 'गाय हा पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते. गाय फार उपयुक्त आहे.' झाला निबंध! मीही लहानपणी असाच लिहिला. पुढे शिक्षक झालो आणि मुलांकडूनही तसाच लिहून घेऊ लागलो. माझी ही सवय कशी मोडली, ती गोष्ट आज तुम्हांला सांगतो. गोष्टीतली चूक माझीच आहे, तेव्हा खुशाल हसा.

2012 सालची गोष्ट. डी.एड. होऊन मला फार दिवस झाले नव्हते. एका लहानशा गावात चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. व्याकरणात विशेषण चालू होते. नामाबद्दल जास्त माहिती सांगतो तो शब्द विशेषण आणि ज्या नामाबद्दल सांगतो ते विशेष्य. 'पांढरा ससा' यात 'पांढरा' हे विशेषण, 'ससा' हे विशेष्य. मुलांना हे पटकन समजलं. मग मी फळ्यावर यादीच लिहिली : सुंदर, छान, प्रेमळ, गोड, उपयुक्त. म्हटलं, "उद्या 'आमची गाय' यावर दहा ओळी लिहून आणा. जितकी जास्त विशेषणं, तितके जास्त गुण!"

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. सगळ्या गाई सुंदर, सगळ्या प्रेमळ! ज्यांच्या घरी गायच नव्हती, त्यांचीही गाय सुंदर होती. एक वही मात्र वेगळी निघाली. त्या मुलाचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बंडू म्हणू. बंडूने लिहिलं होतं, 'आमची गाय तांबडी आहे. तिचं डावं शींग मोडकं आहे. उजवा कान फाटका आहे. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका आहे. ती मारकी आहे, पण आईला मारत नाही. आता ती गाभण आहे.'

मी लाल पेन घेतलं. 'मोडकं', 'फाटका', 'मारकी' या शब्दांवर रेघा ओढल्या आणि शेरा दिला, 'चांगली विशेषणे वापर.' दहापैकी चार गुण. बंडूने वही गुपचूप दप्तरात घातली.

महिनाभराने बंडू दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो डोळे सुजलेले. "सर, गाय हरवली. दावं तोडून गेली. बाबा दोन दिवस हिंडतायत." गाय आता पंधरा दिवसांत व्यायची होती. तिच्या दुधावरच त्या घराने वर्षाचा हिशेब मांडलेला.

मी म्हटलं, "रडू नकोस. आपण चिठ्ठ्या लिहून आजूबाजूच्या गावांत पाठवू." कागद घेतला आणि विचारलं, "हं, सांग. कशी आहे तुझी गाय?"

बंडू ताठ उभा राहिला आणि पाढे म्हणावेत तसा म्हणाला, "सर, आमची गाय सुंदर आहे. प्रेमळ आहे. फार उपयुक्त आहे."

माझं पेन हातातच राहिलं. हे वर्णन घेऊन कुणी शोधायला निघाला असता, तर पंचक्रोशीतली प्रत्येक गाय सोडून आणावी लागली असती! पण बंडूचं काय चुकलं होतं? मी शिकवलं तेच तो म्हणत होता.

"बंडू, तुझी निबंधाची वही काढ."

वही उघडली. ज्या शब्दांवर मी लाल रेघा ओढल्या होत्या, नेमके तेच शब्द आता मला हवे होते. मी ते जसेच्या तसे उतरवून घेतले. चार चिठ्ठ्या केल्या. दोन शेजारच्या शाळांतल्या शिक्षकांना, एक दूधवाल्याला, एक एस.टी.च्या कंडक्टरला दिली. तिसऱ्या दिवशी दूधवाला निरोप घेऊन आला. सहा किलोमीटरवरच्या गावातल्या कोंडवाड्यात एक तांबडी गाय आहे. शिंग मोडकं, कान फाटका. "आणि मारकी तर आहेच," तो म्हणाला, "तिथला राखणदार दोन दिवस लंगडतोय!"

गाय घरी आली. मी वर्गासमोर बंडूची वही घेतली, चाराचे नऊ गुण केले आणि चूक माझी होती हे मुलांना सांगितलं. दहा का नाही दिले? 'शिंग' या शब्दाला त्याने दीर्घ वेलांटी दिली होती!

मुलांनो, 'सुंदर' हा काही वाईट शब्द नाही. पण तो गाईला चालतो, घराला चालतो, पेनला चालतो आणि पावसालाही चालतो. म्हणून तो लिहिण्याआधी स्वतःला विचारा, 'मला नेमकं काय दिसलं?' जे दिसलं ते लिहा. आपल्या मराठीत त्यासाठी शब्दांचा तोटा नाही. एक लाल रंगच घ्या. पोपटाची चोच लालचुटूक, चिडलेल्या काकांचा चेहरा लालबुंद आणि एखादी साडी लालभडक. आता चोचीचा शब्द काकांना लावून बघा. लालचुटूक काका! हसू आलं ना? नुसते डोळेच नाही, तर नाक, कान, जीभ, बोटं यांनाही विचारा. आवळा तुरट, कढी आंबट, घोंगडी खरखरीत, आजोबांचा आवाज घोगरा. गुराख्याकडे गेलात तर तो दुभती, भाकड, गाभण, मारकी असे एकेका शब्दात गाईची सगळी हकिगत सांगेल. हे शब्द बंडूच्या घरी होते, माझ्या फळ्यावर नव्हते.

पण विशेषणांची गर्दीही नको. दहा पोकळ विशेषणांपेक्षा दोन नेमकी बरी.

पालकहो, एक विनंती. मुलाने 'आजीचे हात सुरकुतलेले आहेत' असं लिहिलं, तर ते खोडून 'प्रेमळ' करू नका. त्याने आजीकडे नीट पाहिलं आहे.

पुढे बंडूची गाय व्याली. तो धावत सांगायला आला, "सर, कालवड झाली!" मी विचारलं, "कशी आहे रे?" तो म्हणाला, "ओलीचिंब आहे. कपाळावर ठिपका आहे, पण आईपेक्षा लहान. आणि उभी राहताना पाय थरथरतात." न बघताच ती कालवड माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

आता तुमची पाळी. घरातली एक वस्तू निवडा. तिचं नाव न सांगता, 'सुंदर', 'छान', 'उपयुक्त' हे शब्द न वापरता पाच ओळी लिहा आणि घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. त्यांनी वस्तू ओळखली, तर तुमची विशेषणं पास! नाही ओळखली, तर पुन्हा एकदा वस्तूकडे बघा.

मग, करून बघाल ना?