गॅस भरण्याआधी गळती शोधा

आज पिकाचं नाही, गाडीच्या एसीचं लिहितोय. ठिबक चालवणाऱ्याला लगेच कळेल.

आमची गाडी २००८ ची. आण्णांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. एप्रिलच्या उन्हात त्यांच्यासाठी एसी म्हणजे चैन नाही. गॅरेजवाला दोन वर्षं एकच सांगायचा, "गॅस संपला, भरून देतो." दोन महिन्यांत पुन्हा गरम हवा. अहो, गॅस काय डिझेलसारखा जळतो का? बंद सर्किट आहे. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेलाच.

या वेळी म्हटलं, आधी शोधू. आर-१३४ए गॅसला रंग नाही, पण त्याच्यासोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरतं. गॅस सुटतो तिथं तेल झिरपतं, त्यावर धूळ बसते. बॅटरी लावून पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरच्या पुलीमागचं सील, गॅस भरायच्या व्हॉल्व्हची टोपणं पाहिली. सगळं कोरडं. पुढं कंडेन्सरच्या जाळीवर खालच्या कोपऱ्यात काळा चिकट डाग. साबणाचा फेस लावला, बुडबुडा नाही. आत प्रेशरच उरलं नव्हतं, फेस काय दाखवणार?

दुसऱ्या मेकॅनिकनं उरलेला गॅस मशीनमध्ये ओढून घेतला आणि नायट्रोजन भरला. (ऑक्सिजन कधीच नाही. तेलाशी गाठ पडली तर स्फोट.) अर्ध्या तासात काटा उतरला. पुन्हा फेस लावला, तर त्याच डागावर बारीक बुडबुडे. आमच्या रस्त्याची खडी, दुसरं काय! कंडेन्सर, ड्रायर, ओ-रिंगा नव्या टाकल्या, व्हॅक्यूम केलं आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरला.

बंद गाडीला गेज लावून "प्रेशर आहे, गॅस फुल आहे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. घरच्या सिलिंडरसारखंच असतं. आत थोडा जरी द्रव असला तरी प्रेशर तापमानावर ठरतं. ३० अंशाला साधारण ९५ पीएसआय, गॅस निम्मा असला तरी. आणि स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस भरून देणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. इव्हॅपोरेटर डॅशबोर्डमध्ये असतो, तिथं गळला तर पेटता गॅस थेट माणसांच्या पुढ्यात.

पुढं कुठंच गळती नसेल तर मग संशय इव्हॅपोरेटरवरच. एसीचं पाणी टपकतं त्या नळीच्या तोंडाशी तेलकट लागतंय का, बोट लावून बघा. कुणाची तिथं सापडली असेल तर डॅशबोर्ड खोलायची मजुरी किती घेतली, तेही कळवा.