लेव्हन नदीकाठचे जगज्जेते

तीर्थस्वरूप काकांस,


आपले आयुष्य कापडाच्या पेठेत गेले असल्याने स्कॉटलंडमधील रेन्टन या छोट्या गावाच्या फुटबॉलविषयीचे हे पत्र रंगाच्या कारखान्यापासून सुरू करणे रास्त ठरेल. लोमंड सरोवरातून निघून डम्बार्टनपाशी क्लाइडला मिळणाऱ्या लेव्हन नदीचे पाणी हलके, म्हणजे क्षार कमी असलेले, आणि बारमाही असल्यामुळे तिच्या काठी आधी कापड धुण्याचे व छापण्याचे आणि पुढे ‘तुर्की लाल’ रंगाचे कारखाने उभे राहिले. सुती कापड तेलात पुनःपुन्हा भिजवून, रंग धाग्याला घट्ट धरावा म्हणून त्यावर तुरटीची प्रक्रिया करून, मग ते मंजिष्ठाच्या मुळांच्या पाण्यात उकळले की जो लाल रंग चढे तो धुण्याने वा उन्हाने सहजासहजी उडत नसे. १८७०च्या दशकात मुळांची जागा कृत्रिम अलिझरिनने, म्हणजे त्याच रंगद्रव्याच्या रासायनिक रूपाने, घेतली. या मालाचा मोठा ग्राहक हिंदुस्थान होता, आणि येथील गिऱ्हाइकांना रुचतील अशी देवदेवतांची व प्राण्यांची रंगीत चित्रे छापलेली लेबले ताग्यांवर डकवून तो बोटीवर चढे.

या कारखान्यांच्या कामगारवस्तीत १८७२ साली रेन्टन क्लब स्थापन झाला. त्याने १८८५ साली स्कॉटिश कप जिंकला, १८८८च्या अंतिम सामन्यात कॅम्बसलँग क्लबचा ६-१ असा फडशा पाडला, आणि त्याच वर्षी १९ मे रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर इंग्लंडचा कपविजेता वेस्ट ब्रॉमविच अल्बियन यास ४-१ असे हरवले. संघटित फुटबॉल तेव्हा मुख्यतः ब्रिटनपुरतेच असल्याने रेन्टनने स्वतःला ‘जगज्जेते’ म्हणवून घेतले, आणि त्या काळाच्या मापाने तो दावा पोकळ नव्हता.

मात्र या विजयानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २८ मे रोजी, ग्लासगोच्या नव्या सेल्टिक क्लबने रेन्जर्सविरुद्ध आपला पहिला सामना ५-२ असा जिंकला, तेव्हा सेल्टिकचा पहिला गोल करणारा नील मॅकॅलम आणि मधल्या फळीचा आधार जेम्स केली हे दोघेही रेन्टनचे खेळाडू होते. येथे रेल्वेचा विचार केल्यावाचून भागत नाही. बोलिंग ते बॅलॉक हा लोहमार्ग १८५० साली सुरू झाला तेव्हा ग्लासगोचा प्रवासी बोलिंगपर्यंत आगबोटीने येई. १८५८ साली मार्ग थेट शहराशी जोडला गेल्याने पुढे रेन्टनचा संघ मोठ्या मैदानांशी जोडला गेला, पण त्याच गाडीने शहरातील क्लबही रेन्टनच्या खेळाडूंपर्यंत पोहोचले. व्यावसायिकता, म्हणजे खेळण्याबद्दल उघडपणे वेतन देणे, इंग्लंडमध्ये १८८५ साली मान्य झाली असली तरी स्कॉटलंडमध्ये ती १८९३पर्यंत निषिद्ध होती, त्यामुळे छुप्या पैशांचा बाजार मांडला गेला, आणि त्या बाजारात हजारो प्रेक्षकांच्या शहरापुढे एका गावाचा निभाव लागणे शक्य नव्हते.

याहून मनाला लागणारी गोष्ट अशी की, १८९० साली स्कॉटिश लीगच्या स्थापनेसाठी क्लबांना पत्रे पाठवून एकत्र बोलावणारे पीटर फेअर्ली हे रेन्टनचेच चिटणीस होते, आणि पहिल्याच हंगामात पाच सामन्यांनंतर लीगबाहेर काढला गेलेला क्लबही रेन्टनच होता. छुप्या वेतनाबद्दल निलंबित झालेला एडिनबरोचा सेंट बर्नार्ड्‌स क्लब नाव बदलून मैदानात उतरला असता त्याच्याशी सामना खेळणे, एवढाच रेन्टनचा अपराध होता. न्यायालयात दाद मागून रेन्टन १८९१ साली परतला, परंतु १८९७ साली त्याने लीग सोडली आणि १९२२ साली तो बंद पडला.

फुटबॉलचे इतिहासकार रेन्टनचा उल्लेख बहुधा एक गंमत म्हणून करतात, हा अन्याय होय. लीगच्या ११ संस्थापक क्लबांपैकी रेन्टन, व्हेल ऑफ लेव्हन आणि डम्बार्टन हे तीन याच एका नदीच्या काठचे होते, आणि पहिले अजिंक्यपद रेन्जर्ससोबत वाटून घेणारा व दुसरे एकट्याने जिंकणारा क्लबही त्यांपैकीच एक, डम्बार्टन, होता.



आपला पुतण्या