साडेआठचं ऊन

रविवार, रात्री.

आमच्या दुकानाचं दार पूर्वेला. गिऱ्हाईक आत आलं की घंटी वाजावी म्हणून चौकटीत एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर फोटोट्रान्झिस्टर लावला होता. रात्री झकास चाले. सकाळी साडेआठला उंबऱ्यावर ऊन आलं की मुका! उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. किरण अडला काय, न अडला काय, त्याला उजेडच उजेड.

मग टीव्हीच्या रिमोटला लागतो तो ३८ किलोहर्ट्झचा टीएसओपी रिसीव्हर आणला. ऊन स्थिर असतं. हा मात्र सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणाराच प्रकाश ओळखतो. ५५५ टायमरवर एलईडी लुकलुकवला आणि घंटी थांबेचना. आई आतून ओरडली, “अरे, आरती चाललीय का तुझी?” दोन संध्याकाळी गेल्यावर डेटाशीट वाचली. (आधीच वाचायची होती, इति बायको.) अखंड लुकलुक हा रिसीव्हर गोंगाट समजतो आणि कानांवर हात ठेवतो. त्याला थोडे स्पंद, मग थोडी उसंत, असं द्यावं लागतं. दिलं.

तरी थेट उन्हात गडबडायचाच. पौषातलं ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, आणि रिसीव्हर नेमका उत्तरेच्या बाजूला, तोंड उन्हाकडे करून! जोडीची अदलाबदल केली. वर काळ्या कार्डपेपरची बोटभर नळी चढवली.

आज सकाळी साडेआठला नऊ वेळा आत-बाहेर केलं. नऊच्या नऊ वेळा वाजली.