मनगटातील खूण

ट्रान्सथायरेटिन हे मुख्यतः यकृतात तयार होणारे, थायरॉक्सिन हे संप्रेरक व 'अ' जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेणारे प्रथिन होय. त्याचे एकत्र जुळलेले चार घटक वार्धक्यात किंवा आनुवंशिक दोषामुळे सुटे झाले, की त्यांना चुकीच्या घड्या पडून न विरघळणारे तंतू, म्हणजेच अमायलॉइड, हृदयाच्या स्नायूत आणि मज्जातंतूंभोवती साचू लागतात.

प्रस्तुत लेखकाच्या वडिलांच्या बाबतीत हा विकार दम लागू लागल्यावर उघडकीस आला. परंतु त्याची खूण २०१२ मध्येच त्यांच्या दोन्ही मनगटांत उमटली होती. मज्जातंतू चेपला जाऊन बोटे बधिर होण्याच्या या तक्रारीला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. साठी उलटलेला पुरुष, दोन्ही हात बाधित आणि हातांवर ताण देणारा व्यवसाय नाही, अशा रुग्णाच्या शस्त्रक्रियेत निघालेला ऊतीचा तुकडा काँगो रेड या रंगद्रव्याने तपासला असता, तर ध्रुवित प्रकाशात हिरवट चमकणारे अमायलॉइड बहुधा तेव्हाच दिसले असते. तो तुकडा तपासणीला न जाता कचऱ्यात गेला. पुढे इकोमध्ये हृदयाच्या भिंती जाड आढळल्या, मात्र ईसीजीतील लहरी खुज्या होत्या. स्नायूच वाढला असता तर लहरी सहसा उंचावल्या असत्या, ही विसंगती कोणीही लक्षात घेतली नाही. जाडीचे खापर रक्तदाबावर फोडून गोळ्या वाढवण्यात आल्या, रक्तदाब घसरला, उभे राहताच भोवळ येऊन ते वारंवार पडू लागले, आणि या पडण्याचे कारण वय असे सांगितले गेले. अखेरीस एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाने मनगटांवरील जुने व्रण पाहून, निराळ्या उपचारांची निकड असलेला 'लाइट चेन' अमायलॉइडचा प्रकार रक्त व लघवीच्या तपासण्यांनी वगळला आणि टेक्नेशियम पायरोफॉस्फेट स्कॅनद्वारे निदान केले.

टॅफॅमिडिस हे औषध चारही घटकांना जुळलेले ठेवते. साचलेले तंतू ते काढत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४१ रुग्णांच्या चाचणीत त्याने मृत्यूचे प्रमाण घटवले, पण २०१९ मध्ये अमेरिकेत हृदयविकारासाठी मान्यता मिळाली तेव्हा त्याची वार्षिक किंमत २,२५,००० डॉलर जाहीर झाली. यकृतातील प्रथिननिर्मितीच रोखणारे पॅटिसिरान २०१८ मध्ये मज्जातंतूंच्या आनुवंशिक विकारासाठी मान्य झाले. जीव वाचवणारे औषध अस्तित्वात असूनही ते बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर राहावे, हा अन्याय आहे.

२०१२ मध्ये हृदयातील या विकारावर मान्यताप्राप्त औषध नव्हते, त्यामुळे लवकर निदान होऊनही मूळ रोग कदाचित थांबला नसता, हे मान्य करावे लागते; ते मान्य केल्याने त्या तुकड्याविषयीचा राग मात्र ओसरत नाही, कारण निदान झाले असते तर निदान त्या गोळ्या आणि ते पडणे टळले असते. आज औषधे उपलब्ध असल्याने विलंबाची किंमत अधिक आहे. ज्या वृद्धाच्या दोन्ही मनगटांवर अशी शस्त्रक्रिया झाली असेल आणि ज्याला आता दम लागतो, त्याच्या कुटुंबीयांनी ही जुनी शस्त्रक्रिया हृदयरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावी.