ताळा जुळत नव्हता



बरेच दिवस लिहिलं नाही. घरातलं एक प्रकरण मनात होतं आणि ते बाजूला सारून भोपळ्याच्या वड्यांवर लिहिणं जमेना. ज्याच्याबद्दल लिहितेय त्या माझ्या नातवाची परवानगी घेतली आहे. नाव लिहायचं नाही आणि फोटो टाकायचा नाही, या त्याच्या दोन अटी. तो आता अठरा पूर्ण आहे. तेव्हा सोळाचा होता, अकरावी कॉमर्सला.

आम्ही मूळचे सांगलीचे. ह्यांचं हळदीचं काम, त्यामुळे मसाल्याचा बाजार वाशीला आला तसे आम्हीही इकडे आलो आणि नेरुळचे झालो. मी बी. कॉम. आहे. नोकरी कधी केली नाही, पण घराचा जमाखर्च चाळीस वर्षं माझ्या वहीत आहे. दूधवाल्याची वजाबाकीसुद्धा. त्यामुळे जे झालं ते सगळ्यात आधी मलाच दिसलं, आणि मीच ते झाकलं.

नातवानेच मला फोनवरून पैसे पाठवायला शिकवलं होतं. पिनही त्यानेच लावून दिला. २०२३च्या दिवाळीनंतर पासबुक भरून आणलं तर ताळा जुळेना. दोनशे, पाचशे, पुन्हा पाचशे. नाव कुठल्याशा कंपनीचं, वेळ रात्री एक-दीडची. त्या वेळी मी झोपलेली असते, हे मी वेगळं सांगायला नको. चार महिन्यांची बेरीज केली, ३८,४०० रुपये. पैसे लावून खेळायचा मोबाईलवरचा खेळ होता तो. (ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने असल्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. आमचं प्रकरण त्याच्या आधीचं. तेव्हा तर टीव्हीवर जाहिराती चालायच्या.)

मी काय केलं? एक छोटी ठेव मोडली आणि खात्यातला खड्डा भरला. वहीत लिहिलं, 'औषधे व किरकोळ'. चाळीस वर्षांत पहिली खोटी नोंद. मुलाला कळलं तर तो पोराला मारेल, ही भीती. घरात आधीच बाप-लेकाचं जमत नव्हतं. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण होतं. पोरगा क्लासच्या नावाखाली ते चुकवायचा, मग रात्री दार बंद. बाप दार वाजवायचा, तो उघडायचा नाही. एकदा कडी तुटली. एकदा कानाखाली बसली. सून मधे पडायची तर दोघंही तिच्यावर. हे म्हणायचे, "वय आहे ते, जाईल." मी माळ घेऊन बसायची, पण कान त्या दाराकडेच.

जानेवारीत तो घर सोडून गेला. कारण साधंच, चाचणीचे मार्क. रात्री साडेनऊला गेला, फोन घरीच टाकून. साडेअकराला मुलगा आणि सून पोलीस ठाण्यात गेले. आपल्याकडे समज असतो की चोवीस तास थांबावं लागतं. तसं काही नाही. अठराच्या आतलं मूल हरवलं तर अपहरण धरूनच गुन्हा नोंदवून शोध सुरू करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलेलं आहे. फोटो, अंगावरचे कपडे, जन्मतारीख एवढं हाताशी हवं. सुनेला शर्टाचा रंग आठवेना. ते तिला अजून टोचतं.

पावणेदोनला माझ्या फोनवर अनोळखी नंबर. पनवेल स्टेशनच्या बाहेरच्या चहावाल्याचा. "आज्जी, शेवटची लोकल गेली गं." एवढंच म्हणाला. गाडीत मुलगा एक शब्द बोलला नाही. मी मागे त्याचा हात धरून बसले होते. हात थंडगार होता आणि मी मनात ठेवीच्या पावतीचा विचार करत होते. माणसाचं मन कुठे कुठे जातं!

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपल्यावर मी १४४१६ला फोन लावला. हा नंबर पोलीस ठाण्यातल्या एका महिला शिपायाने सुनेच्या हातावर लिहून दिला होता, १०९८च्या बरोबरीने. हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारचा मानसिक आरोग्याचा फोन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री चालतो आणि मराठीत बोलता येतं. मला वाटलं होतं मी पोराची तक्रार सांगेन आणि त्या उपाय सांगतील. पलीकडच्या मुलीने विचारलं, त्याने स्वतःला इजा करून घ्यायची भाषा कधी केली आहे का? मी गप्प. केली असती तरी मला कसं कळलं असतं? आम्ही त्याच्याशी मार्कांपलीकडे बोललोच नव्हतो.

१०९८ बद्दल थोडं सांगते, कारण तो नंबर फक्त रस्त्यावरच्या मुलांचा असं मीही समजत होते. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी तो उपक्रम म्हणून सुरू केला. 'दस-नौ-आठ' असा मुलांच्या तोंडात बसेल म्हणून हा आकडा. आता तो सरकारकडे, मिशन वात्सल्यखाली आहे. अठराच्या आतलं कुठलंही मूल संकटात असेल तर त्याने स्वतः, आईबापाने किंवा शेजाऱ्याने, कुणीही लावावा. घरातून निघून गेलेलं मूल सापडलं आणि घरी परत जायला घाबरत असेल, तर ते बाल कल्याण समितीपुढे नेतात. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. आपल्या नवी मुंबईची गंमत अशी की नेरुळ, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे लोकलच्या चार स्टेशनांत समिती बदलते. आमच्यावर ती वेळ आली नाही.

आम्हाला लागला तो समुपदेशक. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था बऱ्याच जणींना माहीत असेल; नेरुळहून ठाण्याची थेट लोकल आहे, त्यामुळे तिचाही विचार झाला. शेवटी सुनेच्या मैत्रिणीने सांगितलेल्या वाशीच्या एका बाईंकडे गेलो. मुलगा म्हणाला, "याला घेऊन जा, मला कशाला?" बाईंनी फोनवरच सांगितलं, एकट्या मुलाला पाठवू नका, सगळे या. पुण्याच्या मुक्तांगणचं मी वाचलं होतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून ते व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, आणि तिथेही रुग्णाबरोबर घरच्यांना बोलावतात, बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. ते वाचताना मला वाटायचं, दारूच्या घरांसाठी असेल हे. आमच्यासारख्या कांदा-लसूणही न खाणाऱ्या घराला काय करायचंय!

पहिल्या भेटीला प्रत्येकाशी वेगळं बोलणं झालं. माझी पाळी आली तेव्हा मी ठेवीचं सांगून टाकलं. वाटलं होतं, म्हणतील आजीचं प्रेम. त्या म्हणाल्या, "आजी, त्याला माहीत होतं तुम्हाला कळलंय ते. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून तो पुढे खेळत राहिला आणि आतून घाबरतही राहिला." मला फार राग आला. रिक्षात बसेपर्यंत राग होता. सानपाड्याच्या पुलावर रडू आलं.

मग ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं. मुलगा माझ्यावर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा. बाईंनी त्याला ओरडू दिलं आणि मग विचारलं, "तुमच्या वडिलांना तुम्ही सोळाव्या वर्षी काय सांगत नव्हतात?" तो खाली बघत बसला. ह्यांनीही खाली बघितलं.

आठ भेटी झाल्या, चार महिन्यांत. जादू झाली नाही. दोनदा पोरगा आलाच नाही, एकदा मुलगा मधूनच उठून गेला. जे ठरलं ते अगदी साधं होतं. हात उचलायचा नाही. रात्री नवानंतर भांडण काढायचं नाही, विषय दुसऱ्या दिवसावर. ताटावर मार्क नाहीत. फोन रात्री हॉलमध्ये, आणि हे सगळ्यांना लागू, म्हणजे मुलाचाही आणि माझाही. (माझे सकाळचे प्रवचनाचे व्हिडिओ बुडाले.) पैशाचं असं ठरलं की त्याच्या हातखर्चातून महिना पाचशे कापायचे. मी तिथल्या तिथे हिशोब केला, सहा वर्षं पाच महिने. बाई हसल्या, म्हणाल्या, "व्याज लावू नका म्हणजे झालं."

सगळ्यात कठीण मला गेलं ते वेगळंच. रोज दहा मिनिटं त्याच्याशी बोलायचं, आणि एकही सल्ला द्यायचा नाही. करून बघा. पहिल्या दिवशी मी चार मिनिटांत संपले. मग तो मला शेअर बाजाराचं विचारायला लागला आणि मी त्याला दुहेरी नोंद शिकवली. नावे-जमा त्याला अकरावीच्या सरांपेक्षा माझ्याकडून लवकर समजलं, असं तो म्हणतो. खरं-खोटं देव जाणे.

त्या वर्षी दशलक्षणात तिसऱ्या दिवशी, उत्तम आर्जवाच्या, मी वही काढली, 'औषधे व किरकोळ' वर एक रेघ मारली आणि खरं ते लिहिलं. खोडरबर वापरला नाही, हिशोबाच्या वहीत वापरतही नाहीत. क्षमावाणीला दरवर्षी आपण फोनवर शंभर जणांना क्षमा मागतो, मीही मागते. यंदा नातवासमोर बसून मागितली, की मला कळलं होतं आणि मी बोलले नाही. तो ओशाळला. "काय गं आज्जी," म्हणाला आणि उठून पाणी प्यायला गेला.

बाप-लेक अजून भांडतात. गेल्या आठवड्यातच गाडीच्या किल्लीवरून झालं. पण कडी नवी बसवली आहे आणि ती शाबूत आहे.

हा लेख टाकायच्या आधी त्याला वाचायला दिला. त्याने दोन ओळी काढायला लावल्या, त्या काढल्या. मग तो बराच वेळ आकड्यापाशी थांबला. म्हणाला, "आज्जी, अडतीस हजार चारशे नाही. एकेचाळीस हजार नऊशे. साडेतीन हजार आजोबांच्या पाकिटातले होते, ते तुझ्या पासबुकात कसे दिसणार?"

वहीत नवी ओळ घातली आहे. ह्यांना अजून सांगायचंय. तो म्हणाला, मीच सांगतो, रविवारी.