पदवीतले ‘इतर’ विषय कशासाठी?



आपण प्राथमिकची माणसं. कॉलेजच्या अभ्यासक्रमाशी आपला काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. पण मी ज्यांना चौथीत शिकवलं ती मुलं आता कॉलेजात गेली आहेत, आणि जून-जुलै आला की त्यांच्या पालकांचे फोन येतात. प्रश्न जवळपास एकच असतो. “मॅडम, पोरीनं बीएस्सी घेतलीय, मग तिला हे कॉमर्सचं कशाला घ्यायला लावतात? फी भरायची विज्ञानाची आणि शिकायचं भलतंच?”

प्रश्न साधा आहे, पण तो झटकून टाकण्यासारखा नाही. एसटीचा पास, खोलीचं भाडं, फी हे सगळं पालक पोटाला चिमटा काढून भरतात. त्यांना उत्तर मिळायलाच हवं. म्हणून आज या ‘इतर’ विषयांबद्दल लिहिते आहे.

नेमकं काय बदललं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आपल्या राज्यात आधी स्वायत्त महाविद्यालयांत आलं. २०२४-२५ पासून ते विद्यापीठांशी संलग्न असलेल्या बाकीच्या महाविद्यालयांतही सुरू झालं. त्यानुसार तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची असते. क्रेडिट म्हणजे काय, हे बऱ्याच पालकांना कुणी सांगतच नाही. सोप्या शब्दांत, वर्गात शिकवायच्या विषयाचे साधारण १५ तास म्हणजे एक क्रेडिट. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे एका सत्रात ३० तास, आठवड्याला दोन तास धरा.

यातली सर्वांत जास्त क्रेडिट मुख्य विषयाला असतात. त्याला ‘मेजर’ म्हणतात. जोडीला दुसरा एक विषय असतो, तो ‘मायनर’. त्याशिवाय ‘ओपन इलेक्टिव्ह’ नावाचा भाग असतो. त्याची अट अशी, की मुख्य विषय ज्या शाखेचा असेल, त्या शाखेबाहेरचा विषय निवडायचा. विज्ञानाच्या मुलीनं कला किंवा वाणिज्य शाखेतलं काहीतरी घ्यायचं, कला शाखेच्या मुलानं विज्ञानातलं. याला सगळी मिळून १० ते १२ क्रेडिट आहेत, म्हणजे पदवीचा जेमतेम दहावा हिस्सा. भाषा, पर्यावरण, मूल्यशिक्षण, एनएसएस किंवा खेळ हे आणखी वेगळं. या सगळ्या भागाला मिळून ‘सामान्य शिक्षण’ म्हणता येईल.

बऱ्याच जणांना वाटतं, हे खूळ आत्ताच निघालं. तसं नाही. स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या पहिल्या विद्यापीठ शिक्षण आयोगानं, म्हणजे १९४८-४९ च्या डॉ. राधाकृष्णन आयोगानं, पदवीत सामान्य शिक्षण असावं अशी शिफारस केली होती. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठानं पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, असा एक सामाईक अभ्यासक्रम सुरू केला. एवढं मोठं युद्ध झालेलं असताना सुशिक्षित माणसाला नुसता स्वतःचा विषय येऊन भागेल का, ही चिंता त्यामागे होती. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात शिकलेल्यांना ‘फाउंडेशन कोर्स’ आठवत असेल. पर्यावरणाचा सक्तीचा पेपरही सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे सगळ्या शाखांना आला. आणि ज्या आयआयटीचं नाव काढलं की आपण पालक हळवे होतो, तिथेही बीटेकच्या मुलांना मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे विषय घ्यावे लागतात.

सामान्य ज्ञान वेगळं, सामान्य शिक्षण वेगळं

‘सामान्य’ या शब्दानं मोठा घोटाळा केला आहे. आपल्याला लगेच सामान्य ज्ञानाची पुस्तकं आठवतात. सर्वांत लांब नदी कोणती, अमुक देशाची राजधानी कोणती. ते पाठ होतं, परीक्षा संपली की विसरतं. सामान्य शिक्षणात माहितीपेक्षा विचार करायची पद्धत शिकायची असते. इतिहासाचा माणूस पुरावा कसा तपासतो, अर्थशास्त्राचा माणूस खर्च आणि फायदा कसा मांडतो, विज्ञानाचा माणूस एखादं विधान कशाच्या आधारावर मान्य करतो, हे थोडं थोडं प्रत्येकाला कळावं, एवढीच अपेक्षा आहे.

एक गंमत बघा. ‘याचा काय उपयोग’ म्हणून जी मुलं हे तास बुडवतात, त्यांतलीच काही पुढे पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीसाठी ‘सामान्य अध्ययन’ शिकतात. राज्यघटना, अर्थव्यवस्था, पर्यावरण, भूगोल. क्लासची फी वेगळी, मेसचा खर्च वेगळा. यांतल्या कितीतरी विषयांची ओळख त्यांना कॉलेजातच, तरुण वयात, निवांतपणे होऊ शकली असती.

दाजींशी झालेलं बोलणं

माझी भाची मागच्या वर्षी बीएस्सीला गेली. तिला भौतिकशास्त्र आवडतं. ओपन इलेक्टिव्हमध्ये तिच्या वाट्याला सहकारावरचा पेपर आला. ‘वाट्याला आला’ असंच म्हणते, कारण यादीत नावं पुष्कळ असली तरी त्या कॉलेजात शिकवायला माणसं होती दोन-तीनच विषयांची. शिवाय तास ठेवला होता गुरुवारी दुपारी साडेतीनला. तो तास केला की चारची एसटी चुकते, आणि पुढची गाडी फाट्यावर येईपर्यंत सात वाजतात. फाट्यापासून घर दोन किलोमीटर.

दाजी वैतागले. त्यांची द्राक्षबाग आहे. मला म्हणाले, “तू शिक्षिका आहेस, तूच सांग. पोरगी अंधाराची एकटी येणार, ते कशासाठी? सहकार शिकायला? तो आम्ही रोज बघतोय की. तिला सांग, परीक्षेपुरतं वाचून पेपर दे.”

दाजींची काळजी खोटी नव्हती. मुलीच्या जातीला उशिरा यावं लागतं, हे कारण पुढे करून किती मुलींची कॉलेजं सुटली, हे आपण गावोगाव पाहिलंय. त्यामुळे त्यांना धोरण वगैरे काही सांगत बसले नाही. मी त्यांच्या बागेबद्दल विचारलं.

म्हटलं, “दाजी, २०१० साली युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, आठवतं?” द्राक्षवाल्याला ते साल विसरता येत नाही. क्लोरमेक्वाट नावाचं वाढ रोखणारं औषध आपल्याकडे बागायतदार वापरत होते. त्याचे अंश मालात सापडले. युरोपची अंशमर्यादा फार कडक, त्यामुळे माल नाकारला गेला. मी म्हटलं, “वेलीला त्या औषधानं काय होतं, हे आपल्या लोकांना नीट माहीत होतं. शेतीचं ज्ञान कुठे कमी पडलं? कमी पडलं ते तिकडच्या कायद्याचं, व्यापाराच्या नियमांचं. आता तुम्ही फवारणीच्या वहीत पीएचआय लिहिता, हवामानाचा अंदाज बघता, डाऊनी येणार का ते ताडता, बँकेशी बोलता, व्यापाऱ्याशी करार करता. यातलं फक्त शेतीशास्त्र किती? तुम्ही हे सगळं ठेचा खाऊन शिकलात. पोरीला थोडं आधी कळलं तर काय बिघडलं?”

दाजी लगेच पटलं असं म्हणाले नाहीत. “बघू,” म्हणाले. पण पुढच्या गुरुवारपासून ते फाट्यावर गाडी घेऊन थांबायला लागले.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीनं घरातलं कपाट उघडून विकास सोसायटीचे जुने वार्षिक अहवाल काढले. तिला प्रकल्प करायचा होता. दाजी किती वर्षांचे सभासद, पण अहवाल आला की तो कपाटात जायचा. भाची ताळेबंद घेऊन बसली आणि एकेक विचारायला लागली. भागभांडवल म्हणजे काय? थकबाकी या वर्षी वाढली, मग नफा कसा दिसतोय? दाजींना काही उत्तरं आली, काही आली नाहीत. जी आली नाहीत ती विचारायला ते सचिवांकडे गेले. सर्वसाधारण सभेला फक्त चहापुरते जाणारे दाजी आता अहवाल वाचून जाणार म्हणतात. जातील की नाही ते पुढच्या सभेला कळेल.

भाची पुढे भौतिकशास्त्रातच शिकणार आहे. सहकाराच्या पेपरमुळे तिचं भौतिकशास्त्र सुधारलं, असा दावा मी करणार नाही. पण घरात येणारा एक कागद तिला वाचता येतो, आणि तिला बघून बापालाही तो वाचावासा वाटला.

दोन विषय एकत्र आले की

आपल्या भागातलं एक मोठं उदाहरण सांगते. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, १९०७ चा. शिक्षण अमेरिकेत हार्वर्डला, आणि पेशानं ते गणिताचे प्राध्यापक. पुण्यात फर्ग्युसनला त्यांनी गणित शिकवलं. याच माणसानं तक्षशिलेला सापडलेली प्राचीन नाणी अचूक तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, त्याचं वजन थोडं थोडं कमी होतं. जास्त काळ चलनात राहिलेली नाणी जास्त झिजलेली असणार. मग अनेक नाण्यांची वजनं संख्याशास्त्रानं अभ्यासली तर त्यांचा काळाचा क्रम लावता येतो. नुसत्या गणितज्ञाला नाण्यात रस वाटला नसता, आणि नुसत्या इतिहासकाराला हे गणित सुचलं नसतं. सगळी मुलं कोसंबी होणार नाहीत. पण दुसऱ्या विषयाचं दार कुणी उघडूनच दाखवलं नाही, तर व्हायची शक्यताही उरत नाही.

मित्रांनो, आपण प्राथमिक शिक्षक तर रोज हेच करतो. डीएडच्या दोन वर्षांत आपण भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, चित्रकला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण सगळ्यांतून गेलो. तेव्हा काही जण चेष्टा करायचे, “सगळं थोडं थोडं, पक्कं काहीच नाही.” नोकरी लागली ती द्विशिक्षकी शाळेत, आणि तेव्हा कळलं की तिथे याशिवाय चालतच नाही.

एकदा चौथीतल्या एका मुलानं विचारलं, “मॅडम, पाऊस पडला की विहिरीचं पाणी गढूळ होतं, मग बोअरचं का नाही होत?” आम्ही काचेच्या बरणीत माती, वाळू, खडे यांचे थर भरून पाणी गाळून बघितलं. हे विज्ञान झालं. सरळ बाजूंच्या बाटलीला पट्टी चिकटवून रोजचा पाऊस मोजला आणि आलेख काढला, हे गणित. म्हाताऱ्या माणसांना जुन्या विहिरींबद्दल विचारलं, हा इतिहास. शेवटी विहिरीभोवती कठडा बांधून द्यावा म्हणून मुलांनी सरपंचांना पत्र लिहिलं. त्यात भाषा आली आणि नागरिकशास्त्रही. मुलाचा प्रश्न एकच होता, विषयांच्या भिंती आपण घातलेल्या.

आपल्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र एकत्र असतं. पुढे आपण ते वेगळं करतो, दहावीनंतर तर शाखांच्या पेट्यांत बंदच करतो. मोठा अभ्यास करायला ते आवश्यकही आहे. पदवीतलं सामान्य शिक्षण म्हणजे त्या पेट्यांना एखादी खिडकी ठेवणं.

खरी अडचण कुठे आहे?

कल्पना चांगली म्हणून सगळं चांगलं, असं नाही. अनेक ठिकाणी हे विषय उरलेल्या वेळात, उरलेल्या शिक्षकाला दिले जातात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला ऐनवेळी पेपर सोपवला जातो. मुलं झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स घेतात, चार दिवस वाचतात आणि पास होतात. असा पेपर खरंच वेळ वाया घालवतो, आणि तिथे पालकांचा राग रास्त आहे. पण वाईट शिकवलं जातं म्हणून विषयच नको म्हणायचं, तर मग शाळेतलं गणितही कधीच बंद करावं लागलं असतं. मागणी करायची तर ‘काढून टाका’ ऐवजी ‘नीट शिकवा’ अशी करूया.

पालकहो, प्रवेशाच्या वेळी कॉलेजात चार गोष्टी जरूर विचारा. ओपन इलेक्टिव्हच्या यादीतले कोणते विषय या वर्षी प्रत्यक्ष शिकवले जाणार आहेत? ते शिकवणारे शिक्षक त्याच विषयाचे आहेत का? तास किती वाजता आहेत, आणि एसटीनं येणाऱ्या मुलींचा त्यात विचार केला आहे का? मुलांना काही प्रकल्प किंवा प्रत्यक्ष काम करायचं आहे, की फक्त पर्यायी प्रश्नांची परीक्षा? दहा पालकांनी विचारलं की कार्यालयाला उत्तर शोधावं लागतं. आणि विषय निवडताना ‘कोणत्यात मार्क पडतात’ हे एकदा विचारा, पण ‘तुला कशाचं कुतूहल आहे’ हे दोनदा विचारा.

शिक्षक मित्रांनो, आपल्या हातात त्याहून आधीचं काम आहे. ‘तुझं डोकं गणिताचं नाही’, ‘तू भाषेवालीच’ असे शिक्के चौथी-पाचवीत मारू नका. वेळापत्रकात परिसर अभ्यासाची तासिका आहे, ती गणित-मराठीच्या सरावाला वळवायचा मोह आपल्याला होतो, कारण चाचणी तोंडावर असते. निदान आठवड्यातला एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. तो प्रश्न कोणत्या विषयात बसतो, हे बघू नका. लहानपणी सगळीकडे डोकावायची सवय लागलेलं मूल कॉलेजात गेल्यावर ‘हे कशाला?’ म्हणून दुसऱ्या शाखेच्या वर्गाबाहेर उभं राहणार नाही. ते आत जाऊन बसेल आणि पहिल्या तासालाच काहीतरी विचारेल.